अस्त्राला अट असते : भूमिकाखेळांतील जादुई शस्त्रांचे गुणधर्म

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांत, म्हणजे खेळाडू ज्यांना ‘टेबलटॉप रोलप्लेइंग गेम’ म्हणतात त्यांत, प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची बाजू सांभाळतो, एक जण सूत्रधार होऊन भोवतालचे जग, शत्रू आणि प्रसंग उभे करतो, आणि ज्या कृतीचा परिणाम आधी सांगता येत नाही तिचा निकाल फाशांवर सोपवला जातो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातला पहिला छापील खेळ. त्यापूर्वीच्या युद्धखेळांत पटावरची एक सोंगटी म्हणजे सैनिकांची एक तुकडी असे, ती येथे एकच व्यक्ती झाली, आणि व्यक्ती आली म्हटल्यावर तिचे नाव, तिचा स्वभाव आणि तिच्या हातातले शस्त्र या गोष्टींना महत्त्व आले. या खेळात सर्वाधिक वाद ज्या मजकुरावरून होतात त्यात जादुई शस्त्रांच्या वर्णनांचा क्रमांक वरचा लागतो. तलवार पेटते म्हणजे नेमके काय होते, ती कोणाच्याही हातात पेटते का, दिवसातून किती वेळा पेटते, आगीला न भिणाऱ्या राक्षसापुढे तिचे काय उरते, या प्रश्नांची उत्तरे वर्णनात बहुधा असतात. पण ती शोधण्यासाठी शस्त्राचा गुणधर्म म्हणजे नियमांच्या भाषेत काय, हे आधी पक्के असावे लागते.

थोडक्यात सांगायचे तर गुणधर्म म्हणजे खेळाच्या सर्वसाधारण नियमाला दिलेला, लिहून ठेवलेला अपवाद. सर्वसाधारण नियम सगळ्या तलवारींना सारखा लागू असतो आणि जादुई तलवारीचे वर्णन त्या नियमाचा एखादाच धागा बदलते. वर्णनाने ज्याला हात लावलेला नाही ते सारे पूर्ववत राहते. त्यामुळे कोणत्याही जादुई शस्त्राचा उलगडा करायचा तर साध्या शस्त्राचा वार कसा मोजला जातो येथून सुरुवात करणे भाग आहे.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत वार करणारा खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात पात्राच्या शक्तीचा आणि सरावाचा अंक मिळवतो, आणि ही बेरीज शत्रूच्या ‘आर्मर क्लास’इतकी किंवा त्याहून अधिक भरली तर वार लागतो. आर्मर क्लास म्हणजे चिलखत, ढाल आणि चपळाई मिळून शत्रूला वार लागणे किती अवघड आहे ते सांगणारा अंक. वार लागल्यावर इजेचा फासा वेगळा टाकला जातो. लांब तलवार एका हाताने चालवली तर तो आठ बाजूंचा असतो, त्यात शक्तीचा अंक मिळवला जातो, आणि येणारी बेरीज शत्रूच्या ‘हिट पॉइंट’मधून, म्हणजे मार सोसण्याच्या शिल्लक क्षमतेतून, वजा होते. वार लागणे आणि इजा होणे या दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत, हे ध्यानात ठेवले की पुढचा अर्धा गोंधळ आपोआप मिटतो, कारण काही गुणधर्म पहिल्या पायरीला स्पर्श करतात, काही दुसरीला, आणि काही दोन्हींना.

‘अधिक एक’ असे ज्या तलवारीच्या नावापुढे लिहिलेले असते ती दोन्ही पायऱ्यांत एकेक अंक वाढवते. ‘फ्लेम टंग’ नावाची पेटती तलवार मात्र पहिल्या पायरीला मुळीच हात लावत नाही. ती पेटलेली असताना वार लागलाच तर नेहमीच्या इजेत सहा बाजूंच्या दोन फाशांइतकी आगीची इजा भर टाकते. या दोन जातींतील फरक आकड्यांत पाहिला म्हणजे नीट कळतो. पात्राची शक्ती आणि सराव मिळून वाराला ५ मिळतात आणि इजेला शक्तीचे ३ मिळतात असे धरू, आणि शत्रूचा आर्मर क्लास १६ आहे असे मानू. वार लागण्यास फाशावर ११ किंवा अधिक पडावे लागतात, म्हणजे शक्यता ५० टक्के. आठ बाजूंच्या फाशाची सरासरी ४.५, अधिक ३, म्हणजे लागलेल्या वाराची सरासरी इजा ७.५, आणि एकूण प्रत्येक वारामागे ३.७५. अधिक एक तलवारीने शक्यता ५५ टक्के आणि इजा ८.५ होते, म्हणजे वारामागे सुमारे ४.६८, अधिक तीन तलवारीने सुमारे ६.८३. फ्लेम टंगची शक्यता ५० टक्केच राहते, पण लागलेला वार १४.५ चा होतो, म्हणजे वारामागे ७.२५, अर्थात अधिक तीन तलवारीपेक्षाही जास्त. आता शत्रूचा आर्मर क्लास २२ करून पाहिला तर चित्र उलटते: फ्लेम टंग वारामागे २.९ वर घसरते आणि अधिक तीन तलवार सुमारे ३.६८ वर टिकून राहते, कारण जेथे वार लागणेच दुर्मीळ आहे तेथे लागल्यानंतरच्या आगीचा उपयोग थोडा. फासा २० पडला असता इजेचे फासे दुप्पट होतात तो भाग या हिशेबात सोपेपणासाठी सोडला आहे. अधिकाची तलवार निरस असते हा खेळाडूंचा आक्षेप खराच आहे, तिच्यात गोष्ट म्हणून सांगण्यासारखे काही नसते; पण ती निरस असते तशी भरवशाचीही असते, हे या आकड्यांवरून मान्य करावे लागते.

येथे तिसरी एक गोष्ट या दोहोंपासून वेगळी काढली पाहिजे, ती म्हणजे शस्त्राचे केवळ ‘जादुई असणे’. १९७७ सालच्या राक्षसग्रंथात, म्हणजे ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये, काही प्राण्यांना अधिक एक किंवा त्याहून वरचे शस्त्रच लागू पडते असे लिहिलेले असे, तेथे तो अंक एकाच वेळी शस्त्राची धार आणि त्याचा परवाना अशी दोन कामे करत होता. २०१४ च्या आवृत्तीत ही कामे विलग झाली: कित्येक राक्षसांना साध्या पोलादाची इजा निम्मीच होते किंवा होतच नाही, पण शस्त्र जादुई असले की, त्याला अधिकाचा अंक नसला तरी, ती सवलत संपते. म्हणून आगीची इजा न होणाऱ्या राक्षसावर फ्लेम टंग चालवली तर तिची ज्वाला फुकट जाते, पण तिचे पाते जादुई असल्याने पात्याची इजा पूर्ण होते. २०२४ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या सुधारित नियमांत साध्या आणि जादुई पात्यातला हा भेद बव्हंशी गाळला गेला, त्यामुळे जुने पुस्तक आणि नवे पुस्तक एकाच टेबलावर उघडून बसणाऱ्यांनी आपण कोणत्या आवृत्तीचे बोलत आहोत हे आधी ठरवावे हे बरे.

आवृत्तीगणिक नियम किती बदलतात याचा सर्वांत बोलका नमुना २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत सापडतो. तेथे शस्त्राला आधी किमान अधिक एकचा अंक असल्याशिवाय दुसरा कोणताही गुणधर्म जडवताच येत नसे, आणि प्रत्येक गुणधर्माला अंकाचे मोल ठरवून दिलेले होते. पेटण्याचे मोल एक, धार तीक्ष्ण करण्याचे एक, पवित्रतेचे दोन, शिर उडवण्याचे पाच; सर्व मिळून बेरीज दहाच्या वर जाता कामा नये, आणि किंमत काढायची ती या बेरजेचा वर्ग करून त्याला २,००० सुवर्णमुद्रांनी गुणून. अधिक एक लांब तलवार २,३१५ मुद्रांना, तर तीच पेटती असली की ८,३१५ मुद्रांना पडे. वर्ग करण्यामागे शहाणपण होते, कारण गुणधर्म एकमेकांच्या अंगावर चढत गेले की त्यांचे बळ नुसत्या बेरजेपेक्षा वेगाने वाढते. पण या हिशेबामुळे जादुई तलवार दुकानातला माल झाली आणि तिच्यामागची कथा पावतीवर उतरली, हे नुकसानही तेवढेच खरे. २०१९ साली आलेल्या ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीने ही मांडणी अधिक सुटसुटीत केली: शस्त्रावर कोरलेली एक मुद्रा फक्त वाराचा अंक वाढवते, दुसरी इजेचे फासे वाढवते, आणि पहिल्या मुद्रेचा जो अंक असेल तितक्याच गुणधर्ममुद्रा त्या शस्त्रावर बसतात, या मुद्रा एका शस्त्रावरून उतरवून दुसऱ्यावर चढवताही येतात.

किती वेळा आणि केव्हा, हा गुणधर्माचा दुसरा पैलू, आणि येथे मराठी वाचकाला खेळाच्या पुस्तकापेक्षा महाभारत अधिक जवळचे वाटेल. काही गुणधर्म शस्त्र हातात असेपर्यंत अखंड चालू असतात, काहींना आज्ञाशब्द उच्चारून जागे करावे लागते, आणि काहींचा साठा मोजका असतो. या साठ्यातल्या एकेका मात्रेला खेळाडू ‘चार्ज’ म्हणतात, आणि तो बहुधा पहाटे पुन्हा भरतो. ‘जॅव्हेलिन ऑफ लायटनिंग’ हा भाला फेकताना आज्ञाशब्द उच्चारला तर तो विजेचा लोळ होऊन धावतो, पण पुढच्या पहाटेपर्यंत ते पुन्हा करता येत नाही. ‘ॲरो ऑफ स्लेइंग’ हा बाण याहून कडक: विशिष्ट जातीच्या जीवावर एकदा त्याची जादा इजा झाली की तो साधा बाण होऊन जातो. कवचकुंडलांच्या बदल्यात इंद्राने कर्णाला दिलेली शक्ती या बाणाच्याच वर्गातली. ती एकाच बलाढ्य शत्रूला मारून इंद्राकडे परत जाणार होती, शिवाय अन्य शस्त्रे शिल्लक असताना आणि प्राणावर बेतलेले नसताना ती सोडायची नाही अशी जोड-अट होती. कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवली आणि चौदाव्या दिवसाच्या रात्रीच्या युद्धात घटोत्कचावर ती खर्चावी लागली. या प्रसंगाचे सारे नाट्य त्या शक्तीच्या मर्यादेतून आलेले आहे. तीच शक्ती रोज पहाटे भरून येणारी असती तर घटोत्कचाच्या मृत्यूने पांडवांकडे शोक झाला असता, पण कृष्णाला हायसे वाटण्याचे कारण उरले नसते. नवखे सूत्रधार स्वतः शस्त्रे रचताना सामर्थ्याचे वर्णन भरभरून करतात आणि मात्रा लिहायला विसरतात, आणि तिसऱ्या-चौथ्या बैठकीत त्यांची सगळी लढाई एकाच शस्त्राभोवती फिरू लागते. व्यासांनी ही चूक कोठेही केलेली नाही.

शस्त्र कोणाचे, हा तिसरा पैलू. पाचव्या आवृत्तीत बऱ्याच जादुई वस्तूंना ‘अट्यूनमेंट’ लागते, म्हणजे धारकाने थोड्या विश्रांतीच्या काळात त्या वस्तूवर चित्त एकाग्र करून तिच्याशी नाते जोडावे लागते. असे नाते एका वेळी तीनच वस्तूंशी जोडता येते, आणि ते जुळेपर्यंत वस्तूचे जादुई लाभ मिळत नाहीत. याखेरीज काही वस्तू धारकाची जात, विद्या किंवा कुळ पाहतात. बुटक्या खाणकरी जमातीचा फेकण्याचा हातोडा त्या जमातीच्या पात्राशीच नाते जोडतो. तीनची मर्यादा मनमानी वाटते हे कबूल केले तरी तिच्यावाचून प्रत्येक पात्र चालते-फिरते शस्त्रागार होते, हा जुन्या आवृत्त्यांचा अनुभव आहे. महाभारतात हेच काम गुरुपरंपरा आणि अंगची योग्यता करतात. अस्त्र हे शस्त्रापासून वेगळे आहे ते येथेच: शस्त्र हाताने चालते, अस्त्र मंत्राने जागे होते, आणि मंत्र ज्याला विधिपूर्वक मिळाला त्याच्याकडूनच ते चालते. शिवाय सोडण्याची विद्या आणि आवरण्याची विद्या या दोन वेगळ्या आहेत. रामायणाच्या बालकांडात विश्वामित्र रामाला अस्त्रे देतात आणि त्यांच्या संहाराची, म्हणजे ती मागे घेण्याची, विद्याही स्वतंत्रपणे देतात. सौप्तिक पर्वात अर्जुन आपले ब्रह्मशिर अस्त्र आवरून घेतो आणि अश्वत्थाम्याला ते जमत नाही, म्हणून ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळते. खेळाच्या पुस्तकांत सोडलेला प्रभाव कसा थांबतो हे पुष्कळदा एका वाक्यात उरकलेले असते, फ्लेम टंगच्या बाबतीत आज्ञाशब्द पुन्हा उच्चारला, तलवार हातातून टाकली किंवा म्यान केली की ज्वाला विझते, पण ते वाक्य वाचलेच जात नाही आणि मग म्यानातल्या तलवारीने कमरेचे वस्त्र पेटते की नाही यावर अर्धा तास जातो.

शस्त्राचा प्रतिकार कशाने होतो, हा भाग वर्णनात सहसा शेवटी असतो आणि वादात पहिला येतो. ‘व्होर्पल’ तलवारीचे उदाहरण घेता येईल. तिचे नाव लुइस कॅरोल यांच्या १८७१ सालच्या पुस्तकातील एका निरर्थक कवितेतून आलेले आहे. तिच्याने वार करताना फाशावर २० पडले की शत्रूचे शिर उडते, एवढेच खेळाडूंच्या लक्षात राहते. ज्याला शिर नाही किंवा शिराची गरज नाही, ज्याला कापण्याची इजाच होत नाही, जो पौराणिक दर्जाचा शत्रू असल्याने विशेष कृती करू शकतो, किंवा सूत्रधाराच्या मते ज्याची मान त्या तलवारीला आवाक्याबाहेरची आहे, त्याचे शिर उडत नाही आणि त्याला फक्त आठ बाजूंच्या सहा फाशांची जादा इजा होते, हा उरलेला अर्धा परिच्छेद मात्र राक्षस समोर आल्यावर आठवतो. प्रतिकाराची कल्पकता पाहायची तर नारायणास्त्राकडे वळावे. द्रोणांच्या मृत्यूनंतर अश्वत्थाम्याने सोडलेल्या या अस्त्राला जो विरोध करील त्याच्यावर ते अधिक चढते, आणि रथातून उतरून शस्त्र खाली ठेवणाऱ्याला ते सोडून देते. भीम ऐकत नाही, त्याला बळाने रथाखाली ओढावे लागते. दुर्योधनाने ते पुन्हा सोडण्यास सांगितले तेव्हा दुसऱ्यांदा सोडले तर ते सोडणाऱ्यावरच उलटेल असे अश्वत्थामा सांगतो. सामर्थ्य, प्रतिकार, मात्रा आणि गैरवापराचा दंड ही चारही अंगे एका अस्त्रात इतक्या नेमकेपणाने बसवलेली आहेत की आजच्या नियमकर्त्याला ते जवळजवळ जसेच्या तसे उचलता यावे.

दोन गुणधर्म एकाच वारात एकत्र आले की बेरीज होते की मोठा तेवढा धरायचा, हा प्रश्न धनुष्य-बाणाच्या जोडीत हटकून येतो. तिसऱ्या आवृत्तीच्या २००३ सालच्या सुधारित रूपात धनुष्य अधिक दोन आणि बाण अधिक एक असेल तर मोठा अंक, म्हणजे दोनच, मोजला जाई, कारण एकाच प्रकारचे लाभ एकमेकांवर चढत नसत. उलट धनुष्याला पेटण्याचा गुणधर्म असेल तर तो त्याने सोडलेल्या बाणाला मिळे. पाचव्या आवृत्तीत धनुष्य आणि बाण या दोन वेगळ्या नावांच्या वस्तू मानल्या जातात आणि त्यांचे अंक मिळवले जातात. फासा २० पडल्यावरचा हिशेबही असाच पालटला: तिसऱ्या आवृत्तीत आगीचे जादा फासे वाढत नसत, पाचव्यात त्या वारातले सगळेच फासे दुप्पट होतात. गांडीवाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. खांडववनाच्या दाहापूर्वी अग्नीच्या सांगण्यावरून वरुणाने अर्जुनाला धनुष्य दिले आणि दोन अक्षय्य भातेही दिले. बाण न संपण्याचा गुण भात्यांचा आहे, धनुष्याचा नाही, आणि बाणावर अभिमंत्रित केलेले अस्त्र ही आणखी तिसरी गोष्ट. खेळात तीन वस्तूंचे तीन गुणधर्म म्हणून ज्याची नोंद व्हावी ते लोक बोलताना एकट्या गांडीवाच्या नावावर टाकतात.

शापित शस्त्रांबद्दल फार विस्तार नको. ‘बर्सर्कर ॲक्स’ नावाची कुऱ्हाड धारकाचे हिट पॉइंट वाढवते, पण इजा झाल्यावर त्याचे भान हरपवून जो जवळ असेल त्याच्यावर, मित्रावरही, धावून जायला लावू शकते, आणि तिच्याशी नाते जोडलेल्याला ती टाकून देण्याची इच्छाच होत नाही. शाप सहसा साध्या तपासणीत कळत नाही, हा नियम मुद्दाम ठेवलेला आहे. परशुरामांचा शाप कर्णाला आधीपासून ठाऊक होता आणि तरी तो टळला नाही. कथा म्हणून हा प्रकार लपवलेल्या शापापेक्षा वरचढ आहे, आणि सूत्रधारांनी तो अधिक वापरायला हरकत नाही.

महाराष्ट्राच्या परंपरेकडे आले की मात्र शस्त्राच्या सामर्थ्याची मांडणी निराळी दिसते. तुळजाभवानीने शिवाजी महाराजांना तलवार दिली ही कथा शाहिरीपासून शालेय चित्रांपर्यंत सर्वत्र पोचलेली आहे, आणि तुळजापूरला शारदीय नवरात्रात देवीची भवानी तलवार अलंकार महापूजा मांडली जाते. इतिहासाच्या बाजूने पाहता मराठ्यांच्या तलवारींची कित्येक पाती युरोपातून आलेली असत आणि म्हणून अशा तलवारीला फिरंग म्हणत. साताऱ्याच्या राजघराण्यात एक तलवार भवानी म्हणून पूजली जाते, तर कोल्हापूरहून १८७५-७६ च्या भारतभेटीत प्रिन्स ऑफ वेल्सकडे गेलेली ‘जगदंबा’ ब्रिटिश राजसंग्रहात आहे. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की भवानीच्या कथेत तलवार पेटत नाही, उडत नाही आणि शिरे मोजत नाही. कथेचा आशय देवी पाठीशी आहे हा आहे. सामर्थ्य पोलादात नसून धारक आणि देवी यांच्या नात्यात आहे, आणि तीच तलवार अफजलखानाच्या हातात दिली तर ती नुसती चांगली तलवार उरते. खेळाच्या नियमांत याला अट्यूनमेंट म्हणता येणार नाही, कारण तेथेही जादू वस्तूचीच असते. २०१४ च्या सूत्रधारग्रंथात ‘वरदान’ नावाचा वेगळा प्रकार आहे. त्यातल्या एका वरदानाने पात्राकडील एक साधे शस्त्र त्या पात्राने चालवले असतानाच अधिक एकचे होते, दुसऱ्याने उचलले की ते पूर्ववत साधे. भवानीची कथा खेळात आणायची तर जागा ही आहे. याच खेळासाठी १९८० साली देवदेवतांचा जो ग्रंथ निघाला त्यात भारतीय देवतांनाही हिट पॉइंट लावलेले होते. देवाला किती मार लागला की तो संपतो हे कोष्टकात लिहिणे ही त्या काळच्या मोजमापाच्या हौसेची परिसीमा म्हणावी लागेल.

या सगळ्याचा उपयोग स्वतःच्या मुलखातले शस्त्र रचताना कसा होतो ते पाहू. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या काटेवाडीत आषाढीला निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी येते तेव्हा परीट समाज तिच्यासाठी धोतराच्या पायघड्या घालतो आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. एकीकडे भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचा ऊस आणि दुसरीकडे सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य, इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचे गवताळ रान अशी माळराने, जेथे चिंकारा आहे, लांडगा आहे आणि लांडग्यापासून मेंढरे राखणारा धनगर आहे. अशा प्रदेशावर बेतलेल्या मोहिमेत परदेशी पेटत्या तलवारीपेक्षा धनगराची काठी शोभते. पाचव्या आवृत्तीत साध्या काठीच्या इजेचा फासा सहा बाजूंचा, आणि दोन्ही हातांनी चालवली तर आठ बाजूंचा असतो. तिला गुणधर्म असा द्यावा की काठीचे टोक जमिनीवर टेकवून धारकाने आपल्याभोवती दहा फुटांचे रिंगण आखले असता कोणताही लांडगा, मनोबलाच्या फाशावर १३ किंवा अधिक आणल्याशिवाय, एक मिनिटभर ते ओलांडू शकत नाही.

वाक्य ऐकायला पुरे वाटते, पण पहिल्याच लढाईत त्याला भोके दिसू लागतात. धारक चालू लागला तर रिंगण त्याच्याबरोबर सरकते की आखले तेथेच राहते? आखताना आतच असलेल्या लांडग्याचे काय? रात्री लांडगा होणारा माणूस यात मोडतो का? लांडग्याने बाहेरून उडी न मारता गोफणीचा दगड मारणाऱ्या टोळीला साथ दिली तर दगड आत येतो का? यांपैकी कोणतेही उत्तर चूक नाही, मात्र ते आधी लिहिलेले हवे. रिंगण जागेवरच राहते, आत असलेल्याला ते बाहेर काढत नाही, लांडग्याच्या रूपात असेपर्यंत वृकमानवालाही ते अडवते, आणि शस्त्रास्त्रांना ते अडवत नाही, असे ठरवले तर काठी मेंढपाळाच्या कामाची राहते आणि किल्ल्याची भिंत होत नाही. त्यात भर म्हणून काठीशी नाते जोडण्यासाठी पात्राला जनावरे हाताळण्याची विद्या अवगत असावी, तीन मात्रा असाव्यात आणि त्या पहाटे भराव्यात. अधिकाचा अंक तिला देऊ नये. काठीने लढणे हे तिचे काम नाही, आणि अंक दिला की खेळाडू तिच्याने राक्षस झोडपायला निघतात.

जेजुरीच्या खंडोबाचा खंडा हा याहून अवघड नमुना. जेजुरीच्या मर्दानी दसऱ्याला सुमारे ४२ किलो वजनाचा खंडा तोलून धरण्याची, दातांत उचलण्याची कसरत होते. पाचव्या आवृत्तीतली सर्वांत मोठी दुधारी तलवार सहा पौंडांची, म्हणजे पावणेतीन किलोंची असते, तेव्हा हे शस्त्र तिच्या पंधरा पटींचे आहे. प्रत्यक्ष देवस्थानचा खंडा मोहिमेतल्या लुटीत घालणे कोणाही मराठी टेबलाला रुचणार नाही आणि रुचू नये. त्याच्या धर्तीवरचे, नवसापुरते उसने मिळणारे शस्त्र कल्पिणे योग्य. वजनाचा नियम सरळ आहे: शक्तीचा मूळ गुणांक १८ पेक्षा कमी असेल तर वार करताना वीस बाजूंचे दोन फासे टाकून लहान तो धरावा, ज्याला खेळाडू ‘डिसअॅडव्हांटेज’ म्हणतात. गुणधर्मासाठी मणी आणि मल्ल या दैत्यांची कथा हाताशी आहेच: दोघांविरुद्ध मार्तंडभैरव, म्हणजे खंडोबा, लढला, आणि मणी शरण आला तेव्हा त्याला क्षमा करून देवळात जागा दिली गेली. म्हणून दैत्यांना या खंड्याची आठ बाजूंच्या दोन फाशांइतकी जादा इजा व्हावी, आणि शरण आलेल्यावर त्याचा वार लागूच नये.

पण खेळातला दैत्य लबाड असतो. वार येताना शरण म्हणायचे आणि वार टळला की पुन्हा उठायचे, हा डाव पहिल्याच बैठकीत निघतो. तेव्हा शरणागतीची व्याख्या वर्णनातच घालावी लागते: स्वतःच्या पाळीत शस्त्र जमिनीवर ठेवलेले असावे आणि तोंडाने तसे म्हटलेले असावे, दुसऱ्याच्या पाळीत ओरडून चालणार नाही, आणि त्यानंतर पुढच्या सूर्योदयाच्या आत त्या दैत्याने कोणालाही इजा केली तर खंड्याचे संरक्षण त्याच्यापुरते कायमचे संपते, व त्याच्यावरचा पुढचा वार दोन फाशांतला मोठा धरून मोजला जातो. शरण आलेल्यावर धारकाने जाणूनबुजून वार केला तर काय, एवढा एक प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर नवसाच्या चौकटीतच मिळते: वार वाया जातो, जादा इजेचा गुणधर्म त्या धारकाच्या हातून जातो, आणि तो परत मिळवायचा तर खंडा जेथून उसना घेतला तेथे नेऊन ठेवावा लागतो.